पेडण्यातली काकींची नर्सरी: चिऱ्यांवरची फुलं, दोन पावसाळ्यांनंतर

या नर्सरीतून मी पहिली रोपं आणली, त्याला दोन पावसाळे झाले. लिहायला मुद्दाम थांबले. गोव्यात ऑक्टोबरात लावलेलं रोप पुढचे काही महिने छानच दिसतं. खरी परीक्षा एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात.

आमचं घर पेडणे तालुक्यात, सड्याच्या म्हणजे कातळी पठाराच्या उताराला. जुना गडगा पाडला तेव्हाचे चिरे पश्चिमेला पडून होते. नऊ वाजता तिथे ऊन येतं ते मावळेपर्यंत हटत नाही. त्या चिऱ्यांमधून बारमाही, जमिनीलगत पसरणारी फुलझाडं लावायची हे माझ्या मनात बरीच वर्षं होतं. आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘हार्डी ग्राउंडकव्हर’ म्हणून क्रीपिंग फ्लॉक्स आणि थाइमच्या बियांची पाकिटं मागवली. फ्लॉक्सची थोडी रोपं आली ती एप्रिलात करपली, थाइम पावसात कुजला. नंतर कळलं, पाकिटावरचं ‘हार्डी’ म्हणजे बर्फात तगणारं. हा फ्लॉक्स उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या खडकाळ उतारांवरचा, त्याला थंडीची झोप लागते. झाडाचा दोष नाही, पण आमच्याकडे पाठवताना विक्रेत्याने हे सांगायला हवं होतं. इथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आपल्याकडचं चिवट झाड ते, जे या पाण्यात मुळं शाबूत ठेवतं.

मग बहिणीने काकींकडे पाठवलं. पाटी नाही, घरामागे हिरव्या जाळीखाली पिशव्यांच्या रांगा. मी फुलांचे रंग सांगू लागले तर काकींनी विचारलं, “उदक खंय वता?” म्हणजे पाणी कुठे जातं? मला सांगता येईना. त्या दिवशी त्यांनी मला एकही रोप विकलं नाही, चिरे नीट रचून मग या म्हणाल्या. त्यांच्या सांगण्यावरून खाली वीतभर चिऱ्याचे तुकडे घातले, वर तांबडी माती आणि जाड रेती समसमान, थोडं कुजलेलं शेणखत. प्रत्येक चिरा तिसरा हिस्सा तरी मातीत पुरला. पाच रविवार गेले. यातलं काहीच त्यांच्या बिलात आलं नाही, आणि माझ्या मते या नर्सरीची खरी किंमत इथेच आहे.

रोपं चतुर्थीनंतर आणली, एकूण चौतीस. आज त्यातली तेवीस जिवंत आहेत.

सगळ्यात सरस ठरली ती जांभळी, लोळणारी घाणेरी. साठ रुपयांची पिशवी, पण एका वर्षात तिने दोन हात चिरे झाकले. गुरं तिला तोंड लावत नाहीत. मेअखेर वीतभर ठेवून छाटली की पाऊस सरता सरता पुन्हा भरभरून फुलते. निळ्या फुलांचा एव्हॉल्व्ह्युलस मला फार आवडतो, सकाळी उघडतो आणि दुपार कलली की मिटतो. मात्र पाणी साचणाऱ्या खालच्या कप्प्यातली सहाच्या सहा रोपं जुलैत गेली. वरची टिकली, त्यांच्याच फांद्या लावून मी जागा भरून काढली. वेली भुईमूग भर उन्हात चिऱ्यांवर लावू नका. एप्रिलात पिवळा पडतो. चिऱ्यांच्या पायथ्याला सावलीत मात्र झकास.

ऑफिस टाइमची (पोर्तुलाकाची) रोपं मागितली तेव्हा काकी स्पष्ट म्हणाल्या, हे पावसाचं झाड नव्हे, विरघळून जाईल. दोन फांद्या कुंडीत वळचणीला ठेवा, ऑक्टोबरात परत लावा. अगदी तसंच झालं.

आणि गुलाबी पावसाळी लिली! दहा कांदे शंभर रुपयांना. मे महिन्यात चिरे तव्यासारखे तापलेले, कांद्यांचा मागमूस नाही. पहिला वळीव पडला आणि चारच दिवसांत तापल्या दगडांमधून अकरा फुलं वर आली. मी सकाळी चहा घेऊन तिथेच बसून राहिले.

तक्रार एकच, पण मोठी. फाटकाजवळ पिवळ्या वेडेलियाचे ट्रे ठेवलेले असतात. स्वस्त आहे, झटपट पसरते, म्हणून लोक उचलतात. जगातल्या सर्वांत वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती आहे. ती कुंपणात थांबत नाही. आमच्या वरच्या सड्यावर भाद्रपदात तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुलतात, कुणी न लावता. माटोळीचं, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या रानफुलाफळांच्या सजावटीचं सामान आणायला आम्ही तिकडेच जातो. तिथे वेडेलिया चढली तर काय उरेल? काकींना मी हे दोनदा सांगितलं. त्या ऐकून घेतात, ट्रे मात्र अजून तिथेच आहेत. तुम्ही तरी घेऊ नका.

पिशव्यांवर नावं नसतात, म्हणून फुललेलं रोप बघूनच घ्या. दुपारी एक ते चार बंद. रोपांसाठी चतुर्थीनंतर जा, पण लिलीचे कांदे हवे असतील तर एप्रिलातच; पहिला पाऊस झाला की काकी ते उपटू देत नाहीत.