दिवेआगरला अख्खा बंगला की घरगुती खोल्या?

मामेबहिणीचा प्रश्न: मे महिन्यात आजी-आजोबांसकट नऊ माणसं न्यायची, तर सुपारीच्या वाडीतला अख्खा बंगला घ्यावा की कुणाच्या घरी तीन खोल्या? मी दोन्ही केलंय. ‘निसर्गाच्या कुशीत’ दोन्हीकडच्या पाटीवर असतंच, ते सोडा.

बंगल्याचं भाडं रात्रीचं, ठोक. नऊजणांत वाटलं की माणशी स्वस्त पडतं, पण त्यात जेवण नसतं. घरगुतीत खोलीचे वेगळे, ताटाचे वेगळे.

खरा फरक स्वयंपाकघरात. बंगल्यात गॅस आहे म्हणून आम्ही खूश. कपाट उघडलं तर एक कढई, शिट्टी नसलेला कुकर आणि बोथट सुरी. तीन दिवस बायका चहा-पोह्यांतच अडकल्या. (पुरुषांनी भांडी घासली. एकदा.) घरगुतीत काकूंना सकाळी उकडीचे मोदक सांगून ठेवले, दुपारी केळीच्या पानावर वाफाळते हजर, वर तुपाची धार. मात्र जेवणाची वेळ त्यांची, आणि बऱ्याच घरी फक्त शाकाहारी. मासळीसाठी बाहेर जायचं. रात्री पत्त्यांचा आरडाओरडाही चालत नाही.

वीज दोन्हीकडे जाते. इन्व्हर्टरवर पंखे किती तास चालतात ते आधी विचारा. आजोबांसाठी तळमजल्यावर कमोड आहे ना, तेही.

तान्हं बाळ, पथ्याचं जेवण किंवा रात्रभर गप्पा असतील तर बंगला. घरातल्या बायकांनाही सुट्टी हवी असेल तर खोल्या. बहिणीला मी खोल्याच सांगितल्या.