नायलॉनचे शटल की पिसांचे? गोव्यातील एका ज्युनिअर खेळाडूच्या आईचा वर्षभराचा अनुभव

माझी मुलगी म्हापशाला पेडे येथील इनडोअर स्टेडियममध्ये चार वर्षांपासून बॅडमिंटन शिकते आणि सध्या पंधरा वर्षांखालील गटात खेळते. पहिली तीन वर्षे तिचा सगळा सराव नायलॉनच्या शटलवर झाला. गेल्या वर्षीच्या जूनपासून मात्र सरांच्या आग्रहावरून आम्ही पिसांचे शटल घेऊ लागलो. दोन्ही प्रकार जवळून वापरून पाहिले असल्यामुळे, मुलांना स्पर्धांसाठी तयार करणाऱ्या इथल्या पालकांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

नायलॉनच्या शटलला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. सहा शटलचा डबा साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि नवशिक्या मुलाने रॅकेटच्या कडेने मारले तरी ते फाटत नाही. आमच्याकडे एकेक शटल दोन-दोन आठवडे टिकले आहे. शटलच्या बुचावरच्या पट्टीचा रंग पाहून वेगही ओळखता येतो: हिरवा म्हणजे मंद, निळा म्हणजे मध्यम आणि लाल म्हणजे जलद. पहिली दोन वर्षे, जेव्हा मुलाचा हात नुसता बसत असतो, तेव्हा यापेक्षा महाग काही घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण येते ती स्पर्धेत. गेल्या ऑगस्टमध्ये एका निवड स्पर्धेत तिला पहिल्यांदाच पिसांच्या शटलवर सामना खेळावा लागला. तिचे टॉस, म्हणजे उंच मारलेले फटके, मागच्या रेषेपर्यंत पोहोचेनात, अर्ध्या कोर्टात पडू लागले आणि समोरची मुलगी त्यावर स्मॅश मारत राहिली. पिसांचे शटल रॅकेटवरून सुटताना झपाट्याने जाते, पण हवेत त्याचा वेग चटकन मोडतो आणि ते जवळजवळ सरळ खाली उतरते. नायलॉनचे शटल त्या मानाने पसरट वळणाने येते आणि जोराच्या फटक्यावर त्याचा घेर आत दबतो. तीन वर्षे डोळ्यांना आणि मनगटाला एका उतरणीची सवय झालेली असताना दुसरी उतरण जेमतेम दोन महिन्यांत कशी अंगवळणी पडणार? दुसऱ्या गेममध्ये तिला अंदाज येऊ लागला होता, परंतु तोपर्यंत सामना हातातून गेला होता.

असा अंदाज येईपर्यंत गेलेले काही गुण किती महाग पडू शकतात, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये गुवाहाटीत झालेली जागतिक ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धा पाहताना माझ्या नीट लक्षात आले. तिथे वैयक्तिक सामन्यांत गेम २१ ऐवजी १५ गुणांचा होता. भारताने मिश्र सांघिक गटात कांस्यपदक मिळवले आणि तन्वी शर्माने मुलींच्या एकेरीत रौप्यपदक जिंकले. २००८ मध्ये पुण्यात सायना नेहवालने याच स्पर्धेचे सुवर्णपदक घेतले होते, त्यानंतर मुलींच्या एकेरीत भारताला मिळालेले हे पहिलेच पदक. अंतिम सामन्यात तन्वी थायलंडच्या अन्यापतकडून ७-१५, १२-१५ अशी हरली. आम्ही दोघी घरी तो सामना पाहत होतो आणि पहिला गेम इतक्या लवकर संपला की मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. तेवढ्या मोठ्या खेळाडूंची कारणे वेगळी असतात, हे मला ठाऊक आहे. पण १५ गुणांच्या गेममध्ये शटल ओळखण्यात सहा-सात गुण गेले, तर जवळपास अर्धा गेम गेला, एवढा हिशेब आमच्यासारख्यांनाही कळतो. त्या आठवड्यात मी आठवड्यातील दोन दिवस पूर्णपणे पिसांच्या शटलचे ठरवून टाकले.

पिसांच्या शटलचा खर्च हलका नाही. प्रत्येक शटलला १६ पिसे असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या दरम्यान असावे लागते. ही पिसे बदकाची किंवा गूजची, म्हणजे कलहंसाची, असतात. गूजची अधिक टिकाऊ आणि अधिक महाग. चीनमध्ये या पक्ष्यांच्या मांसाची मागणी घटल्यामुळे पिसांचा पुरवठा आटला आणि २०२५ मध्ये भाव चांगलेच वाढले. स्पर्धेच्या दर्जाचा डझनाचा डबा आता दोन हजारांच्या पुढे जातो आणि मुलांच्या तासाभराच्या चुरशीच्या खेळात दोन शटल सहज निकामी होतात. म्हणून आम्ही चार पालक मिळून डबे घेतो. नवी शटल फक्त सामन्यांसाठी ठेवतो आणि एखादे पीस मोडलेली जुनी शटल नेटजवळच्या सरावासाठी वापरतो.

गोव्याच्या हवेचा अनुभव वेगळाच सांगायला हवा. मागच्या जुलैमध्ये कपाटातला अर्धा वापरलेला डबा उघडला, तेव्हा कुबट वास आला आणि पिसांच्या देठांजवळ बारीक काळे ठिपके दिसले. ती शटल ओलावा धरून जड झाली होती आणि रॅकेटवर त्यांचा आवाजही बोदा येत होता. त्यानंतर डब्यात सिलिका जेलची पुडी टाकण्याची सवय लावली. डिसेंबरमध्ये स्पर्धेसाठी पुण्याला गेलो, तर नेमके उलटे झाले. तिथल्या कोरड्या थंडीत पिसे पहिल्याच स्मॅशला तुटू लागली. तेव्हा डब्याची दोन्ही टोके उघडून आदल्या रात्री त्यातून काही सेकंद वाफ जाऊ द्यावी, असे तिथल्या एका पालकांनी शिकवले आणि त्याचा खरोखर उपयोग झाला. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने हवा विरळ, त्यामुळे आमच्याकडे बरोबर पडणारी शटल तिथे लांब जात होती.

वेगाचा आकडा डब्यावर ७५, ७६, ७७ असा छापलेला असतो. आकडा लहान तितके शटल मंद, आणि आपल्या गरम हवेत शटल लांब जात असल्याने ७६ बहुधा ठीक पडते. पण छापील आकड्यावर विसंबून राहू नये. एका दुकानातून घेतलेल्या डब्यातील शटल सरांनी नियमाप्रमाणे तपासली, म्हणजे मागच्या रेषेवरून खालच्या हाताने पूर्ण जोराने मारली. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडायला हवे. बारांपैकी पाच रेषेबाहेर गेली. दुकानदाराने डबा उघडलेला आहे म्हणून परत घेण्यास नकार दिला, आणि याचे मला अजून वाईट वाटते, कारण शटल मारून पाहिल्याशिवाय दोष कळणार तरी कसा?

पुढच्या पावसाळ्यासाठी मी एका वेळी एकच डबा घेणार आहे आणि पैसे देण्यापूर्वी एक शटल मारून पाहू देणाऱ्या दुकानातूनच घेणार आहे. सोमवार ते गुरुवार नायलॉन, शुक्रवार-शनिवार पिसे, असे मुलीने स्वतः तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.