एक फुटी पृथ्वीगोल: आठ महिने वापरल्यावर

मुलगी न्यू जर्सीला राहायला गेल्यापासून ती विमानात बसली की आमच्याकडे एकच प्रश्न. "आता कुठे पोचली असेल गं?" आमचे हे दर अर्ध्या तासाने विचारणार. शेवटी गोखले रोडवरच्या एका दुकानातून पृथ्वीगोल आणला. बारा इंच व्यासाचा, प्लॅस्टिकचा. दुकानदाराने विचारलं, "नातू कितवीत आहे?" म्हटलं, नातू नाही, आजोबांसाठीच हवाय.

आधी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून बघायचो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली की ती अरबस्तान, सहारा वाळवंट, मग अटलांटिक अशी जाते. गोलावर शिवणकामाच्या डब्यातला लाल दोरा ताणून धरला, तर तो कच्छवरून सिंध, तुर्कमेनिस्तान, रशिया करत सेंट पीटर्सबर्गच्या जवळून थेट आइसलँडवर! आम्ही दोघं बघतच राहिलो. दोरा भरला ३० सेंटीमीटर. या आकाराच्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४१८ किलोमीटर, म्हणजे अंतर साडेबारा हजार किलोमीटर. खरं अंतरही तेवढंच आहे. पहिल्यांदा लोकरीचा धागा घेतला होता, तो ताणला जातो. साधा शिलाईचा दोराच घ्या.

विमानाचा वेग ताशी ९०० धरून मी दोऱ्यावर दर दोन सेंटीमीटरच्या थोडं पुढे बॉलपेनने खूण केली. एक खूण, एक तास. चौदाव्या खुणेला न्यूयॉर्क. मुलगी गेली त्या रात्री ह्यांनी घड्याळ लावून खुणा मोजल्या, दोरा संपला आणि विमान अजून हवेतच. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुलीने नंतर समजावलं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात, थंडीत तर ताशी दोनशेच्याही वर जातात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीवर. शिवाय दोऱ्याच्या वाटेनेच विमान जाईल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, म्हणजे कच्छ सोडताच दोरा चुकला. आता मी जातानाचे सोळा तास धरते आणि येतानाचे त्याहून कमी.

शेजारच्या वहिनी तिकीट बघून म्हणाल्या, "रात्री दीडला निघून सकाळी सातला अमेरिकेत? साडेपाच तासच की!" हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. साडेपाचात हिवाळ्याचे साडेदहा मिळवले की सोळा होतात. (घोडबंदर रोडवरून सहारच्या विमानतळावर पोचायला किती लागेल, हे मात्र कुठल्याच दोऱ्याने कळत नाही.)

आता दोष. मुंबईचं नाव अरबी समुद्रात छापलंय आणि ठिपका शोधायला भिंग लागतं. विषुववृत्तावरचा जोड दोन मिलिमीटर सरकलेला, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा घोळ, जवळपास ठाणे-लोणावळा. आमचे दोन्ही ठिपके उत्तरेकडचे म्हणून चालून गेलं. लेक सिडनीला असती तर परत केला असता. एस्वातिनी अजून स्वाझीलँडच, नाव २०१८ लाच बदललं. सगळ्यात वाईट म्हणजे गोल धरून ठेवणारी कमान. प्लॅस्टिकची होती, तिसऱ्या महिन्यात धूळ पुसताना कट्कन मोडली. दुकानदार म्हणाला, "वापर जास्त झाला."

तेव्हापासून गोल मोठ्या स्टीलच्या पातेल्यावर बसवलाय. आणि खरं सांगू, हेच बरं. कमान होती तेव्हा आर्क्टिककडे दोरा न्यायचा म्हटलं की अडायचा, आता हवा तसा फिरवता येतो. घेणार असाल तर कमानीच्या मजबुतीला पैसे मोजू नका, छपाई बघून घ्या. पातेलं घरात असतंच.