शोधगंगा : प्रबंधांचे खुले दालन

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या) केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. एखादा प्रबंध चाळण्यासाठी लोकलची गर्दी सोसत कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलेल्या मुंबईकराला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. रसायनशास्त्रातील उत्प्रेरके, स्थापत्य अभियांत्रिकीतील काँक्रीट आणि वास्तुकलेतील नैसर्गिक वायुवीजन असे दूरदूरचे विषय एकाच शोधचौकटीतून हाती येतात, मात्र वास्तुकलेचे दालन विज्ञानापुढे तोकडेच वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली, त्यामुळे अलीकडचे काम सहज सापडते. प्रकरणे स्वतंत्र पीडीएफमध्ये असल्याने केवळ संदर्भसूची हवी असणाऱ्याचे फावते, सलग वाचणाऱ्याचे नाही. दर्जा अर्थातच असमान आहे. म्हणून मार्गदर्शकाच्या नावाने शोधणे उत्तम.