दुरुस्तीचे लिथुआनियन शब्द: 'आयएटीई' कागदाला पक्का, गॅरेजला कच्चा

'आयएटीई' हा युरोपीय संघाचा परिभाषाकोश. आयोग, परिषद आणि संसद यांचे जुने वेगवेगळे शब्दसंग्रह एकत्र करून तो बनला, २००७ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि २०१८ मध्ये त्याला नवे रूप मिळाले. पैसे लागत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही. इंग्रजीतून लिथुआनियनमध्ये दुरुस्तीचे शब्द शोधणाऱ्याला तो कितपत उपयोगी पडतो? वॉरंटीचे कागद, यंत्राची माहितीपुस्तिका किंवा करारनामा हातात असेल तर पाचपैकी चार गुण. लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसमधल्या सायकलवाल्यासमोर उभे असाल तर दोन, तेही उदार मनाने.

आधी वापरायची रीत. मूळ भाषा इंग्रजी आणि लक्ष्य भाषा लिथुआनियन निवडा आणि विषयाची चाळणी लगेच लावा. ती लावली नाही तर 'रिपेअर' या एका शब्दामागे कायदा, जहाजे, इमारती, जीवशास्त्र असे सगळेच येऊन उभे राहते. डीएनएच्या दुरुस्तीला लिथुआनियनमध्ये 'रेपारात्सिया' म्हणतात. तोच शब्द उचलून वॉशिंग मशीनला लावला तर वाचणारा चक्रावेल. नंतर प्रत्येक शब्दापुढचे तारे बघा. एक तारा म्हणजे कुणी तपासलेले नाही, चार तारे म्हणजे खात्रीचे. तीनच्या खालचे काही कागदावर उतरवायचे असेल तर नोंदीतला संदर्भ उघडून मूळ वाक्य वाचा. 'कालबाह्य' किंवा 'टाळावा' असा शेरा असलेले शब्दही यादीत असतातच, आणि घाईत नेमके तेच उचलले जातात.

कोशाची खरी ताकद कायद्याच्या भाषेत आहे. वस्तूंच्या दुरुस्तीला चालना देणारा युरोपीय संघाचा २०२४/१७९९ क्रमांकाचा निर्देश सदस्य देशांनी ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. त्याच्या लिथुआनियन शीर्षकात दुरुस्तीसाठी 'ताइसीमस' आहे. दुकानांच्या पाट्यांवर मात्र फोन, सायकल, गाडी यांपुढे बहुतेक 'रेमोन्तस' दिसतो. दोन्ही बरोबर, पण अदलाबदल करताना सांभाळा. 'ताइसीती' हे क्रियापद बूट, कपडे, घड्याळ यांना चालते आणि लेखनातल्या चुका सुधारण्यालाही. 'रेमोन्तस' यंत्राचा असतो, तसाच घराचाही: जाहिरातीत फ्लॅट 'रेमोन्तस'नंतरचा आहे असे लिहिले असेल तर फरशी, रंग, नळ सगळे नवे केले आहे असे समजावे. चांभाराच्या किंवा कपडे दुरुस्तीच्या दुकानाला 'ताइसीक्ला' म्हणतात.

कोश उघडा पडतो तो वस्तू कशी बिघडली हे सांगताना. इंग्रजी 'ब्रेक' एकटाच सगळीकडे धावतो. लिथुआनियनला ते चालत नाही, आणि मराठीलाही चालत नाही. खुर्चीचा पाय मोडला: सुलूझो. काच फुटली: सुदुझो. यंत्र बिघडले: सुगेदो, अन्न खराब झाले तरी हेच. कापड फाटले: सुप्लीशो. दोरी किंवा वायर तुटली: नुत्रूको. मोडणे, फुटणे, बिघडणे, फाटणे, तुटणे ही आपली पाच क्रियापदे इतकी नेमकी जुळतात की मराठी माणसाने इंग्रजीला वळसा घालून थेट मराठीतूनच विचार करावा. आधी मनात मराठी क्रियापद ठरवायचे, मग त्याची जोडी शोधायची. ठिगळ लावणे म्हणजे 'लोपीती' आणि रफू करणे म्हणजे 'आदीती'; इथेही हाच मार्ग सोपा पडतो. संस्कृतशी नाते आहे म्हणून लिथुआनियन आपोआप कळेल, ही आशा मात्र गॅरेजबाहेर ठेवा. 'रातस' म्हणजे चाक आणि आपला रथ त्याच कुळातला, हे खरे. ब्रेक बदलताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

गॅरेजमध्ये तर प्रमाणभाषा आणि मिस्त्रीची भाषा सरळ वेगळ्या होतात. इंजिन ऑइलला प्रमाण शब्द 'आलीवा', 'तेपालस' म्हणजे ग्रीस किंवा मलम. मिस्त्री मात्र ऑइल बदलण्याला सर्रास 'तेपालू केइतिमस' म्हणतो. स्वयंपाकाचे तेल 'अलियेयुस', ते तिसरेच. ब्रेक पॅडला 'त्रिंकेलेस' आणि 'कालादेलेस' असे दोन्ही शब्द चालतात, तेव्हा सुट्या भागांच्या दुकानात दोन्ही टाकून शोधा. नटाला 'वेर्झ्ले', वॉशरला 'पोवेर्झ्ले' आणि पान्याला 'वेर्झ्ल्याराक्तिस', म्हणजे अक्षरशः नटाची किल्ली. एक मूळ लक्षात ठेवले की तीन वस्तू हाती येतात. बोल्टची गोष्ट त्याहून सोपी: 'एम ८' आणि '१३ चा पाना' हे आकडे कुठेही तेच. जुना बोल्ट काउंटरवर ठेवला तर शब्दाचीही गरज नाही.

दोन जोड्या पाठच करा. 'तेख्निने प्रियेझ्यूरा' म्हणजे नियमित देखभाल: ऑइल, फिल्टर, तपासणी. 'तेख्निने अप्झ्यूरा' म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का, याची सक्तीची तपासणी. फरक फक्त उपसर्गाचा, पण चुकीचा शब्द वापरून वेळ घेतलीत तर भलत्याच ठिकाणी जाऊन पोचाल. दुसरी जोडी 'सेर्विसस' आणि 'सेर्विझस'. पहिल्यात गाडी जाते. दुसरा म्हणजे कपबशांचा संच.

कोशात शब्द प्रथमेत मिळतो, पाटीवर षष्ठी बहुवचनात. सायकल 'द्विरातिस', पण सायकल दुरुस्ती 'द्विराच्यू रेमोन्तस'. टायर 'पादांगा', टायर बदलणे 'पादांगू केइतिमस'. 'बुटांची दुरुस्ती' म्हणताना आपण जे करतो तेच हे, क्रमही तोच. एकेकटे शब्द जोडून नकाशावर शोधले तर दुकाने निसटतात, म्हणून आयएटीईतून जोडशब्दाची अख्खी नोंदच उचलावी. विचारतानाही रूप महत्त्वाचे आहे: 'आर ताइसोते?' म्हणजे तुम्ही हे काम करता का, आणि 'आर गालिते पाताइसीती?' म्हणजे एवढे नीट करून द्याल का. त्यातल्या 'पा'मुळे काम पूर्ण होण्याचा अर्थ येतो.

उरलेली उणीव कशाने भरावी? 'लिएतुव्यू काल्बोस झोदीनस' हा १९४१ ते २००२ या काळात निघालेला वीस खंडांचा कोश इंटरनेटवर मोफत आहे. एकभाषी असला तरी बोलीतली उदाहरणे भरपूर आहेत आणि 'सुलूझ्ती' (मोडणे), 'सुगेस्ती' (बिघडणे) यांतला फरक तिथे स्वच्छ दिसतो. तिथून शब्द उचलताना स्वरांवरची आघातचिन्हे काढून टाका, नाहीतर इतर ठिकाणी शोध फसतो. छापील कोश हाती असेल तर वर्णक्रमात ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई एकत्रच लागतात, हे विसरू नका. डीपएल या यांत्रिक भाषांतराच्या सेवेत २०२१ पासून लिथुआनियन आहे. त्याला सुटा शब्द देऊ नका, काय कुठून आणि कसे गेले याचे पूर्ण वाक्य द्या, आणि आलेले क्रियापद वरच्या पाचांशी ताडून पाहा.

आयएटीईतून विषयवार नोंदी उतरवूनही घेता येतात. कारखान्यासाठी माहितीपुस्तिकांचे भाषांतर करणाऱ्याने हे जरूर करावे. उतरवल्यावर आधी ताऱ्यांनुसार गाळावे आणि मगच भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावे. न गाळता भरलेल्या यादीतला एकच चुकलेला शब्द शंभर पानांवर उमटतो आणि मग एकेक करून पुसत बसावे लागते.