पोस्टग्रेसमध्ये स्वतःची फंक्शनं: आठ महिन्यांनंतर

आम्ही तिघं एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ठेवी, कर्जं, पिग्मी. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत व्याजाचं गणित तीन ठिकाणी लिहिलेलं होतं: काउंटरच्या प्रोग्राममध्ये, पिग्मी एजंटांच्या मोबाइल ॲपमध्ये आणि महिनाअखेरच्या रिपोर्टात. कुणी फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा आकड्याचा प्रकार) वापरलेला, कुणी न्यूमेरिक (दशांश अचूक साठवणारा). त्यामुळे उत्तरं पैशा-दोन पैशांनी हुकायची आणि दर महिन्याला कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं. शेवटी सगळं गणित आमच्या डेटाबेसमध्येच, म्हणजे पोस्टग्रेस 16 मध्ये, फंक्शनं (नाव देऊन ठेवलेली, हवी तेव्हा बोलावता येणारी गणितं) करून ठेवलं. ती कॅल्क्युलेटरची बैठक बंद झाली, एवढ्यावरच मी खूश आहे. पण वाटेत दोनदा चांगलाच तोंडघशी पडलो.

पहिलं फंक्शन अगदी साधं होतं: तारीख द्या, आर्थिक वर्ष घ्या. तारीख तीन महिने मागे सरकवायची आणि वर्ष काढायचं, की एप्रिल ते मार्च आपोआप जमतं. नाव हौसेनं देवनागरीत दिलं, आर्थिक_वर्ष. पोस्टग्रेस ते बिनतक्रार घेतं, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. मात्र नावाला 63 बाइटांची मर्यादा आहे आणि युटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, 3 बाइट खातं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. त्यापुढचं नाव एक सूचना देऊन कापलं जातं. आर्थिक_वर्ष 31 बाइटांत बसलं, पण ‘मुदतपूर्व’पासून सुरू होणाऱ्या एका लांबलचक नावाची शेपूट गेली.

या फंक्शनवर इंडेक्स (शोध वेगानं व्हावा म्हणून केलेली सूची) करायला गेलो तर नकार आला: इंडेक्समधलं फंक्शन इम्युटेबल हवं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक फंक्शनवर तीनपैकी एक शिक्का असतो. इम्युटेबल म्हणजे तेच इनपुट दिलं की कायम तेच उत्तर. स्टेबल म्हणजे निदान एका क्वेरीपुरतं (डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नापुरतं) तेच. व्होलाटाइल म्हणजे काही भरवसा नाही. तुम्ही काही लिहिलं नाहीत तर व्होलाटाइल धरलं जातं. मी इम्युटेबल लिहिलं, इंडेक्स झाला. आत मी टू_चार (तारखेचा मजकूर करणारं तयार फंक्शन) वापरलं होतं आणि ते स्वतः फक्त स्टेबल आहे, तरी डेटाबेसनं हटकलं नाही. शिक्का तुमचा, जबाबदारी तुमची. आतलं कुणी तपासत नाही.

मग मला सवयच लागली. फंक्शन लिहिलं की मार इम्युटेबल, वेग वाढतो म्हणतात ना! त्या भरात व्याजदर या फंक्शनलाही तोच शिक्का बसला. हे फंक्शन दराच्या टेबलातून दर वाचतं, म्हणजे त्याचं उत्तर टेबल बदललं की बदलणारच. काही महिने काही झालं नाही, कारण दरच बदलला नाही. मग एका सोमवारी संस्थेनं पिग्मीचा दर पाव टक्क्यानं वाढवला. काउंटरवर नवा दर, मोबाइलवर जुना. टेबल बघितलं, बरोबर. फंक्शन हातानं चालवून बघितलं, बरोबर. मोबाइलचा सर्व्हर रीस्टार्ट केला तर तिथंही बरोबर! हे तर आणखी वाईट, कारण आता पुरावाच गेला.

अर्धा दिवस गेल्यावर उलगडा झाला. व्याजाच्या मोठ्या फंक्शनमध्ये व्याजदर('पिग्मी') असं थेट लिहिलं होतं. इम्युटेबल फंक्शन आणि इनपुट ठरलेलं, म्हणून प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) बनवतानाच पोस्टग्रेसनं त्याचं उत्तर काढून तिथं आकडा चिकटवला आणि तो प्लॅन त्या कनेक्शनपुरता जपून ठेवला. काउंटरचा प्रोग्राम दर वेळी नवं कनेक्शन उघडतो, मोबाइलच्या सर्व्हरनं पुन्हा वापरायला राखून ठेवलेली (पूलमधली) कनेक्शनं मात्र दिवसेंदिवस उघडी असतात. चूक सर्वस्वी माझी. एक शब्द बदलून स्टेबल केलं आणि मग सगळीच फंक्शनं एकेक करून पुन्हा वाचली.

वेगाबद्दलही माझा समज उलटाच निघाला. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेलं, एकाच सिलेक्टचं (डेटा वाचणाऱ्या एकाच वाक्याचं) छोटं फंक्शन पोस्टग्रेस मूळ क्वेरीत विरघळवून टाकतं आणि त्याचा वेगळा भुर्दंड पडत नाही. पण शिक्का आतल्या गणितापेक्षा जास्त ठाम असेल तर विरघळवत नाही. म्हणजे माझ्या टू_चारवाल्या इम्युटेबलनं वेग वाढला नव्हता, अडला होता. टू_चार काढून एक्स्ट्रॅक्ट (तारखेतून थेट वर्षाचा आकडा काढणारं) घातल्यावर काम झालं. आणि टेबल वाचणारं व्याजदर काही केलं तरी विरघळत नाही, ते ओळीओळीला चालतं. रिपोर्टात ते खात्यागणिक बोलावलं होतं तेव्हा चहा पिऊन यावं लागायचं. तिथं सरळ जॉइन (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) लिहिला. एक्स्प्लेनमध्ये (प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेत) फंक्शनच्या आतलं काही दिसत नाही, हे त्या दिवशी फार खटकलं.

सर्वांत मजा आली ती रक्कम शब्दांत छापणारं अक्षरी_रक्कम लिहिताना. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकं एवढ्यावर भागतं. आपल्याकडे एकोणसाठ, एकोणऐंशी, नव्याण्णव, सगळे स्वतंत्र! 99 शब्दांचा ॲरे (क्रमांकवार यादी) हातानं टाइप केला. 12,345 वर तपासलं, झकास. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क मॅडमचा फोन: ‘‘अहो, पाच हजाराच्या पावतीवर अक्षरी रक्कम कोरी का येतेय?’’ पोस्टग्रेसचा ॲरे 1 पासून सुरू होतो, शून्याव्या जागी नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो आणि दोन दांड्यांनी (||) मजकूर जोडताना एक तुकडा नल असला की सगळं वाक्य नल. म्हणजे नेमक्या गोल रकमा कोऱ्या, आणि ठेवी तर गोल रकमांच्याच असतात. कॉन्कॅट_डब्ल्यूएस हे तयार फंक्शन नल वगळून जोडतं, त्यानं सुटलं.

बारीक कुरकुरी आणखी आहेत. पॅरामीटरचा (फंक्शनला दिलेल्या इनपुटचा) प्रकार बदलून क्रिएट ऑर रिप्लेस (असलेलं फंक्शन बदलायची आज्ञा) केलं तर जुनं फंक्शन जात नाही, शेजारी दुसरं उभं राहतं. दशांश स्थळं देऊन राउंड करायचं तर आकडा न्यूमेरिकच हवा, डबल प्रिसिजन (फ्लोटचाच प्रकार) चालत नाही. पीएल/पीजीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग भाषेच्या) फंक्शनमध्ये टेबलाचं नाव चुकलं तर ते चालवेपर्यंत कळत नाही. एसक्यूएल फंक्शनांसाठी 2021 च्या आवृत्ती 14 पासून बिगिन ॲटॉमिक ही लिहायची पद्धत आली आहे, त्यात फंक्शन बनवतानाच तपासणी होते. नवीन सगळी मी तशीच लिहितो. आणि हो, नवं फंक्शन चालवायची मुभा मुळात सगळ्यांना असते. आम्ही ती काढून घेतली.

सध्या प्रश्न 1,100 चा आहे. फंक्शन ‘एक हजार शंभर’ छापतं, मॅडमना ‘एक हजार एकशे’ हवंय, आणि आमच्यातल्या एकाचं म्हणणं की माणसं सरळ ‘अकराशे’ म्हणतात. मॅडमचं ऐकायचं असं मी ठरवलंय, पण नुसत्या 100 ला ‘एकशे’ नको, ‘शंभर’च हवं, असंही त्यांनी बजावलंय. म्हणजे आणखी एक केस.