आमच्या वाचनालयातलं स्पेनचं कपाट

मालवणजवळच्या आमच्या छोट्या वाचनालयात स्पेनवरच्या पुस्तकांचं एक कपाट आहे, आणि शनिवारी संध्याकाळी तिथेच सिनेमा दाखवतात. मी खाडीकाठची, त्यामुळे आधी स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरच्या गालिसिया प्रांतावरचं प्रवासाचं पुस्तक उचललं. तिथल्या खाड्यांत तराफ्यांखाली दोर सोडून त्यांवर शिनाणे, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, वाढवतात! आमच्याकडे बायका ओहोटीला ती खडकावरून खरवडतात. ते प्रकरण मी आईला पुन्हा वाचून दाखवलं.

‘ला लेंग्वा दे लास मारिपोसास’ (१९९९) हा सिनेमा मात्र अजिबात चुकवू नका. १९३६ सालचं गालिसियातलं गाव, म्हातारे मास्तर, बुजरा मुलगा आणि दाराशी आलेलं यादवी युद्ध. मी स्वतः शाळेत शिकवते. शेवट पाहून त्या रात्री घास उतरला नाही.

इतिहासाची पुस्तकं थेट १४९२ला, ग्रानाडा हे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं तिथून सुरू होतात. त्याआधीच्या सुमारे आठशे वर्षांच्या मुस्लिम राजवटींवर काहीच नाही. ग्रानाडातल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याचे फोटो आहेत, तो बांधणाऱ्यांची कथा नाही. ही उणीव मला फार खटकते.

वर्गणी परवडणारी. सबटायटल्स इंग्रजीच, म्हणून वडीलधाऱ्यांसोबत सांगणारं कुणी न्या. पावसात वीज गेली तर ग्रंथपालबाई स्पॅनिश कवी लोर्काच्या कविता वाचतात, तरीही जा.